एकट्या चालकाची सूट

विमा कंपन्यांना एकटा माणूस फार आवडतो. घरमालकाला त्याचा संशय येतो, हॉटेलात त्याला खांबाआडचं टेबल मिळतं, नातेवाईक त्याला बोलावतात तेही एक खुर्ची उरली म्हणून. पण मोटारीचा विमा विकणाऱ्यासमोर तो जाऊन बसला की त्याचं सोनं होतं. गाडी कोण चालवतं? मी एकटाच. घरात पंचविशीच्या आतलं कुणी? नाही. वर्षाला किती किलोमीटर? दीडेक हजार. गाडी उभी कुठे असते? गॅरेजमध्ये, कुलपात. गेल्या वर्षी काही दावा केलात? नाही. प्रत्येक उत्तराला हप्ता थोडा थोडा खाली उतरतो. आयुष्यात काही घडलं नाही याचं इतकं रोख कौतुक दुसरं कुणी करत असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना हे कौतुक ओळीने बारा वर्षं मिळत आलं होतं.

काका निवृत्त मुद्रितशोधक. कायद्याची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात त्यांनी सदतीस वर्षं प्रुफं तपासली. काना, मात्रा, वेलांटी, स्वल्पविराम, कलमांचे आकडे आणि तळटिपा. बाकीचे मुद्रितशोधक तळटिपांना भीत, कारण अक्षर मुंगीएवढं आणि चूक हत्तीएवढी. काका मात्र पान हातात आलं की आधी तळ बघायचे. सदतीस वर्षांत त्यांचं एक मत पक्कं झालं होतं: कायदा वर असतो आणि अपवाद खाली. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं सगळ्यांसाठी असतं, कुणासाठी खास काही असेल तर ते तळाशी सापडतं. छापखान्यात त्यांना 'तळटीप' म्हणत. तोंडावरसुद्धा म्हणत आणि त्यांना ते वाईट वाटत नसे. माणसाला नाव पडण्याइतकं कुणीतरी त्याच्याकडे पाहिलं, एवढं पुरे होतं.

अशा माणसाच्या हाती विम्याची पॉलिसी पडली म्हणजे काय झालं असेल, याची कल्पना करावी. चौसष्ट पानांची ती पुस्तिका जगात दोघांनीच पूर्ण वाचली असावी, एक ती लिहिणारा आणि दुसरे काका. काकांना तीत नऊ चुका सापडल्या. त्यांनी यादी करून कंपनीला पाठवली. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत नवाच्या नऊ चुका जागच्या जागी होत्या आणि एक नवीन होती.

पण इमारतीला त्यांचा उपयोग झाला. कुणाची मुदत संपत आली की तो कागद घेऊन काकांकडे यायचा. तिसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर दरवर्षी यायचे आणि दरवर्षी चिडलेले असायचे.

"काका, तुमची गाडी जुनी, माझी नवी. ते कळतं मला. पण एवढा फरक? तुमच्या दुप्पट?"

"मागच्या वर्षी बंपरला पोचा आला, तेव्हा दावा केलात."

"मग? विमा कशाला घेतो माणूस?"

"मी तेव्हाच सांगितलं होतं, पदरचे घाला. दावा केला नाही की पुढच्या वर्षी सूट वाढते, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वाढते. होता होता हप्ता निम्म्यावर येतो. एक दावा केलात की पुन्हा पहिल्या पायरीवर. पोच्यापायी तुम्ही जिना उतरलात."

"म्हणजे विमा घ्यायचा आणि वापरायचा नाही."

"दात घासल्यासारखं आहे. नीट घासले की तुमच्याकडे यावं लागत नाही."

डॉक्टर हसले, पण फार नाही. धंद्यावर गेलेला विनोद कुणालाच पचत नाही.

समोर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी गाडी विकली, तेव्हा त्या चुटपुटत आल्या होत्या. आठ वर्षं एकदाही दावा केला नाही, ते सगळं पुण्य आता नवीन मालकाला जाणार, म्हणाल्या. काकांनी त्यांना समजावलं, "सूट गाडीची नसते बाई, माणसाची असते. गाडी गेली तरी ती तुमच्याकडेच राहते. कंपनीकडून तसं पत्र घ्या आणि नव्या गाडीला लावा. फक्त फार दिवस घालवू नका, नाहीतर बुडते." बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी ते दारात उभ्या राहून दोनदा म्हटलं: गाडीची नसते, माणसाची असते. मग कागद घेऊन गेल्या.

सगळेच कागद घेऊन यायचे आणि कागद घेऊन जायचे. काका चहा विचारायचे, ते "पुन्हा कधीतरी" म्हणायचे. पुन्हा कधीतरी म्हणजे पुढच्या वर्षी, मुदत संपायच्या आठवड्यात. डॉक्टरांची मुदत उन्हाळ्यात संपे, बाईंची थंडीत, तळमजल्यावरच्या शिंप्याची अध्येमध्ये कधीतरी. त्यामुळे काकांकडे माणसांचा राबता होता असं म्हणायला हरकत नाही, वर्षातून पाचसहा वेळा होता.

मोटार काकांनी स्वतःच्या हौसेने घेतली नव्हती. ती धाकट्या बहिणीचा हट्ट. काका अविवाहित. बहिणीचं लग्न झालं, ती एकशे चाळीस किलोमीटरवरच्या गावात गेली आणि नवऱ्याच्या साथीने तिने तिथे मोटार शिकवण्याची शाळा काढली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तिने शाळा एकटीने चालवली. त्या गावातले निम्मे लोक तिच्या शेजारी बसून गाडी शिकले, आणि तिची हाक आली की आजही त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेकवर जातो. काका निवृत्त झाले त्याच महिन्यात ती आली, त्यांना दुकानात नेलं, छोटी गाडी घ्यायला लावली आणि तीन आठवडे राहून शिकवली.

"दादा, क्लच हा व्याकरणाचा नियम नाहीये. सोडायचा असतो."

"किती सोडायचा?"

"पायाला कळतं."

"पुस्तकात अर्धा लिहिलंय."

"पुस्तकाला पाय आहेत का?"

तिचा जगण्याचा नियम भावाच्या बरोबर उलटा होता. महत्त्वाचं असेल ते मोठ्याने आणि वेळेवर सांगायचं. 'ब्रेक' हा शब्द कुणी तळटिपेत लिहीत नाही, असं ती म्हणायची. काका त्यावर म्हणायचे, की ब्रेक कुठल्या परिस्थितीत मारू नये, हे मात्र तळटिपेतच लिहावं लागतं. दोघांचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच वाद कधी मिटला नाही.

बाराव्या वर्षी, मुदत संपायला दोन महिने असताना, तिचा फोन आला. घरमालक घर पाडून तिथे दुकानं बांधणार होता. दोन महिन्यांत जागा सोडायची होती. शाळा तिने आदल्याच वर्षी बंद केली होती.

"दादा, सरळ विचारते. तुझी मागची खोली काय करते आहेस?"

"पुस्तकं आहेत."

"पुस्तकं झोपतात का तिथे?"

"नाही."

"मग मी झोपते. मी येऊ का राहायला? कायमची. भाडं देईन, स्वयंपाक तू करतोस त्यापेक्षा बरा करीन, एवढंच. पण एक अट. गाडी मी चालवणार. तुझ्या शेजारी बसलं की मला झोप येते. आणि मला माहितेय, तू आता विम्याचं काढशील. माझा लायसन्स नंबर लिहून घे. आणि हेही लिही, गेल्या तीन वर्षांत माझे दोन दावे आहेत. एक खांबाचा. एक त्या पोराचा, रिव्हर्स म्हटल्यावर ज्याने पहिला टाकला. घेतलंस लिहून?"

काकांनी लिहून घेतलं. दोनदा वाचून दाखवलं. मग म्हणाले, "कळवतो."

"आत्ता सांग ना."

"सगळं बघून लिहितो. फोनवर बरोबर होत नाही."

फोनवर तळटीप देता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. बहीण हसली, म्हणाली, "बरं बाबा, लिही," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी काका विम्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या एजंटबाई त्यांना बारा वर्षं ओळखत होत्या आणि त्यांच्या येण्याच्या दिवशी दुसरं काम ठेवत नसत. खिडकीशी दोन खुर्च्या, टेबलावर पंख्याने उडू नयेत म्हणून स्टेपलरखाली दाबलेले अर्ज, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. चित्रात चार माणसं गाडीला टेकून उभी. काकांनी एका वर्षी त्यांना विचारलं होतं, की या चौघांपैकी चालवतो कोण, कारण चौघंही चालवत असतील तर त्यांना हसण्यासारखं काही नाही.

"दुसऱ्या चालकाचं नाव चढवायचं आहे," काका म्हणाले.

एजंटबाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला?"

"बहिणीचं."

"काका, तुमची पॉलिसी मी नव्या मुलींना नमुना म्हणून दाखवते. सगळ्या सुटी एकाच कागदावर असलेला दुसरा माणूस माझ्याकडे नाही." त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. एकट्या चालकाची सूट जाईल. बहिणीच्या दोन दाव्यांमुळे वर थोडा भार चढेल. गाडी जास्त फिरली तर कमी वापराची सूट जाईल. "बिनदाव्याची तुमची तशीच राहील. पण त्यांनी कुठे ठोकली आणि दावा केलात, की तीही गेली. बारा वर्षांची."

"चालेल," काका म्हणाले.

"विचार करून सांगा. घाई नाही."

"केला." आणि अर्जात नाव, नातं आणि लायसन्स नंबर लिहून, पुन्हा ताडून, त्यांनी सही केली. पुरवणी, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायचा कागद, तीन आठवड्यांत घरी येईल असं ठरलं.

त्या आठवड्यात काकांनी जे केलं ते इमारतीने पाहिलं, पण कुणी विचारलं नाही. मागच्या खोलीतली कायद्याची पुस्तकं त्यांनी चार चार करून खाली नेली आणि रद्दीवाल्याला दिली. आयुष्यभर ज्यांच्यातले स्वल्पविराम जपले, ती वजनावर गेली. शिंप्याने दुकानातून पाहून विचारलं, "काका, घर बदलताय का?" काका म्हणाले, "नाही, जागा करतोय." शिंपी म्हणाला, "बरंय," आणि मशीन सुरू केलं. मग खिडकीची गंजलेली कडी बदलली. पडदा शिवायला टाकला. स्वयंपाकघरात दुसरी किटली होती, तिचं झाकण सापडत नव्हतं. ते शोधण्यात एक दुपार गेली.

आणि मग त्यांनी पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं, आणि पाचवं स्वच्छ कागदावर उतरवलं. दोन पानं. बहिणीने विम्याचं काढशील म्हटलंच होतं, तेव्हा तिच्यापासून काही लपवणं बरोबर नव्हतं.

'चि. ताईस,' असं सुरुवातीला होतं. धाकटी असली तरी घरात ती ताईच. 'तुझ्या विचारणेसंबंधी सर्व बाजूंनी चौकशी केली. वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे. एक, एकट्या चालकाची सूट रद्द होते. दोन, कमी वापराची सूट: तू घरी बसणारी नसल्याने तीही जाईल असे धरून चालावे. तीन, बारा वर्षांची बिनदाव्याची सूट तूर्त शाबूत राहते. तथापि तुझा पूर्वेतिहास (खांब व विद्यार्थी) पाहता तिच्याविषयी खात्री देता येत नाही. चार, पहिला ठरावीक खर्च आपण स्वतः सोसण्याची अट घातल्यास काही सूट मिळते. ती मी पूर्वीच घेतलेली आहे, तेव्हा त्या मार्गाने भरपाई होणार नाही.' असं ते पानभर चाललं होतं, आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर संपलं होतं: 'सारांश, तू येथे राहावयास आल्यास वरील सर्व सवलती मला सोडाव्या लागतील.' या वाक्याच्या पूर्णविरामापाशी एक छोटी, नीट काढलेली फुली होती. पानाच्या तळाशी रेघ, रेघेखाली तीच फुली, आणि तिच्यापुढे काकांचं ते मुंगीएवढं अक्षर.

पत्र टाकून आले आणि काका वाट बघू लागले. चार दिवस पत्राला जायला, एक दिवस तिला वाचायला, असा त्यांनी हिशेब धरला होता. सहाव्या दिवसापासून फोन वाजला की ते दोन घंट्यांच्या आत उचलायचे. एकदा बँकेचा होता, एकदा चुकीचा नंबर. चुकीच्या नंबराशी ते जरा जास्तच वेळ बोलले. आपण फोन करावा असं त्यांच्या मनात आलं, नाही असं नाही. पण पत्रात सगळं आलेलं होतं. पूर्ण मजकुरावर पुन्हा फोन करणं म्हणजे छापून झालेल्या पानावर शाईने लिहिण्यासारखं. ती सामानाच्या आवराआवरीत असेल, असं त्यांनी ठरवलं. पडदा शिवून आला, तो लावला. लांबीला दोन बोटं कमी होता. पुन्हा शिंप्याकडे नेला.

पुरवणी तेविसाव्या दिवशी आली. काकांनी ती उभ्यानेच वाचली. बहिणीच्या नावात वेलांटी ऱ्हस्व पडली होती. त्यांनी लगेच कार्यालयात फोन करून ती दुरुस्त करवली, आणि मग, आता सांगण्यासारखं काहीतरी हातात आहे म्हणून, बहिणीला फोन लावला.

"पुरवणी आली," ते म्हणाले.

"कसली?" तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. सपाट होता.

"विम्याची. तुझं नाव चढलं. वेलांटी चुकली होती, ती सांगितली आहे."

"माझं नाव? कशाला?"

"तू गाडी चालवणार ना. कधी येतेस ते सांग, म्हणजे..."

पलीकडे कुणीतरी बाई तिला चहाचं विचारत होती.

"दादा, मी कुठे येणार आता? मी नर्सबाईकडे राहायला आले. परवाच सामान हलवलं."

नर्सबाई म्हणजे तिची जुनी मैत्रीण, इस्पितळातून निवृत्त झालेली. शाळेच्या अख्ख्या इतिहासात लायसन्स न मिळालेली एकमेव विद्यार्थिनी. सात वेळा परीक्षेला बसली, सातही वेळा परीक्षकाला उतरून पाणी प्यावं लागलं.

"पण मी तुला लिहिलं होतं," काका म्हणाले.

"लिहिलं होतंस ना. दोन पानं भरून लिहिलंस. सरळ नाही म्हणाला असतास तर मला इतकं लागलं नसतं. ही सूट जाईल, ती सूट जाईल, खांब, विद्यार्थी! मी इथे बसून वाचत होते आणि मला वाटलं, हा माझा भाऊ आहे की क्लेम डिपार्टमेंट?"

"मी नाही कुठे म्हणालो? खाली वाच ना."

"खाली काय?"

"खाली. रेघेच्या खाली. फुली आहे बघ."

"ती फुली आहे होय? मला वाटलं पेन गळलं. थांब."

ती उठली असावी. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग नर्सबाईंना विचारल्याचा, "माझा जवळचा चष्मा कुठे ठेवलात?" मग कागद उलगडल्याचा. मोठ्याने वाचायची तिला शाळेपासून सवय. रस्त्यावरच्या पाट्या ती अजूनही मोठ्याने वाचायची.

"ते मला मान्य आहे," तिने वाचलं. "मागची खोली रिकामी केली आहे. खिडकीची कडी बदलली. तुला..." ती थांबली. "तुला सकाळचे ऊन लागते हे लक्षात आहे, पलंग त्या बाजूस ठेवला आहे. ये."

फोनचे पैसे चालले होते आणि दोघांनाही त्याचं भान नव्हतं, ही त्या घराण्यात पहिलीच वेळ.

"अरे, हे एवढंसं?" ती म्हणाली. "हे असं कुणी लिहितं?"

"महत्त्वाचं होतं म्हणून खाली लिहिलं."

"महत्त्वाचं होतं तर वर लिहायचं दादा! पहिल्या ओळीत! बाकी सगळं खाली घालायचं. माझ्या चष्म्याच्या नंबराला हे दिसत तरी का?"

"मला वाटलं, तू वाचशील."

"तळटिपा कोण वाचतं?"

सदतीस वर्षं ज्या प्रश्नावर त्यांचा पगार चालला होता, तो प्रश्न कुणी त्यांना असा विचारला नव्हता.

मग तिने समजावून सांगितलं, शिकाऊ माणसाला सांगावं तसं, हळू. नर्सबाईंचे दोन्ही गुडघे गेले आहेत. त्यांनी वरची खोली दुसऱ्या कुणाला द्यायची ठरवली होती, त्याला हिच्यासाठी नाही म्हटलं. हिने शब्द दिला आहे, जिन्याची चढउतार आता हीच करते. चार दिवसांत उठून येते म्हणायला तोंड नाही.

"शब्द दिला म्हटल्यावर दिला," काका म्हणाले.

"रागावलास?"

"नाही. पडदा तेवढा मोठा करायला दिलाय. तो परत आणावा लागेल."

फोन ठेवल्यावर त्यांनी खरंच जाऊन पडदा आणला. शिंप्याने दोन बोटं जोडून दिली होती, जोड कळतसुद्धा नव्हता. शिंपी म्हणाला, "पाहुणे कधी येतायत?" काकांनी पैसे मोजून दिले आणि शिलाई चांगली झाल्याचं सांगितलं.

पुढच्या सोमवारी एजंटबाईंचाच फोन आला, वेलांटीसंबंधी. बोलता बोलता काकांच्या तोंडून निघालं, की बहीण राहायला येत नाही.

"मग नाव काढून टाकू या!" एजंटबाईंना मनापासून आनंद झाला. "दोन ओळींचा अर्ज द्या. एकट्या चालकाची सूट पूर्ववत. एवढी चांगली पॉलिसी, मला वाईट वाटत होतं हो."

"नाव राहू दे," काका म्हणाले.

"काका, त्या तिकडे, गाडी इकडे. चालवणार कधी त्या?"

"ते विचारलं नाही अजून."

"मग विचारा तरी!"

एजंटबाई चिडून म्हणाल्या, पण काकांना ती सूचना वाजवी वाटली. त्यांनी लगेच बहिणीला फोन लावला. काय बोलायचं ते आधी मनात लिहून काढलं होतं, आणि त्यात फक्त एकच ओळ ठेवली होती.

"रविवारी गाडी घेऊन येतो. तू चालव."

"किती वाजता?" बहीण म्हणाली.

रविवारी काका पहाटे निघाले, चाळीसच्या वर न जाता, आणि साडेदहाला पोचले. बहीण दारात उभी होती. तिने हात पुढे केला, काकांनी किल्ली दिली. मागच्या सीटवर नर्सबाई आपले दोन गुडघे आणि एक उशी घेऊन बसल्या. बहिणीने त्या दोघांना गावाबाहेरच्या धरणापर्यंत नेलं, भिंतीवरून फिरवून आणलं आणि वाटेत दोन जुन्या विद्यार्थ्यांना काच खाली करून झापलं. नर्सबाई जाताना डाव्या गुडघ्याबद्दल बोलल्या आणि येताना उजव्या. पुढे बसलेल्या भावाबहिणीला मध्ये शब्द घालायला जागाच मिळाली नाही. एकदा फक्त, एका वळणावर, बहीण म्हणाली, "बघितलंस, क्लच पायाला कळतो," आणि काका "हो" म्हणाले.

निघताना तिने खिडकीत वाकून सांगितलं, "पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी ये. पत्र नको पाठवूस."

पुढच्या वर्षी कमी वापराची सूटही गेली. नूतनीकरणाच्या वेळी एजंटबाईंनी मीटरचा आकडा दोनदा तपासला आणि विचारलं, "एवढं कुठे फिरता हो काका?"

"बहिणीला गाडी चालवायला नेऊन द्यावी लागते."

"आणि मग?"

"मग परत आणावी लागते."

एजंटबाई पेन धरून थोडा वेळ थांबल्या, पुढे काही सांगतील म्हणून. मग त्यांनी पुढचा रकाना वाचला, "दुसरा चालक याच पत्त्यावर राहतो का?" आणि काका "नाही" म्हणाले. ते उत्तर कुठल्याच सुटीत बसत नव्हतं. एजंटबाईंनी ते लिहून घेतलं.